एका उशिराला एकच कारण

९ फेब्रुवारी

बारके,

मोठी बहीण आहे म्हणून आशीर्वाद. घ्यायचा की परत पाठवायचा ते तू ठरव.

फोन तू उचलत नाहीस. परवा तुझ्या दारापर्यंत येऊन गेले. आत पंखा चालू होता, चपला बाहेर होत्या, तरी दार उघडलं नाहीस. समोरच्या बाईंनी मला पाणी विचारलं, सख्ख्या बहिणीने नाही. आणि काल ऑफिसच्या टपालात तुझी चिठ्ठी. चिठ्ठी कसली, हुकूमच! 'ताई, चौकशी समितीला एवढंच सांग, की त्या दिवशी निरोप तू पाठवला होतास. तेवढ्याने माझी खुर्ची वाचेल.' कशी आहेस नाही, आईची विचारपूस नाही.

बरं. तू काय मागते आहेस ते शांत डोक्याने बघू.

त्या दिवशी विमानतळाच्या वरच्या हॉलमध्ये नवी यंत्रणा सुरू झाली. इतकी वर्षं तुम्ही लोक प्रत्येक विमानाची कागदी पट्टी लिहून समोरच्या फळीवर सरकवत होतात. त्या फळ्या उचलून नेल्या आणि सगळं स्क्रीनवर आलं. हात बसेपर्यंत विमानं मुद्दाम कमी उतरवायची असं ठरलं होतं, म्हणून बरीचशी वर घिरट्या घालत ठेवलेली. पहिल्या शिफ्टला कंट्रोलरच्या खुर्चीवर कोण, तर आमची बारकी. मग तू उठलीस, तुझ्या जागी तो तुमच्यातला चष्मेवाला बसला आणि तू तडक निघून गेलीस. घिरट्यांतलं एक विमान त्याला स्क्रीनवर दिसलंच नाही. पायलट विचारत होता, आणि हा पठ्ठ्या ते शेजारच्या टेबलाचं समजून 'थांबा, थांबा' म्हणत राहिला. शेवटी इंधन संपत आल्याची आरोळी आली आणि विमान दुसऱ्या शहरात उतरवावं लागलं. माणसं सुखरूप उतरली. वेळापत्रकाचे मात्र पार बारा वाजले.

तुमच्या हॉलचा नियम मलाही पाठ आहे. उठणाऱ्याने लगेच जायचं नाही. बसणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहायचं, तो स्वतः मान वळवून 'जा आता' म्हणेपर्यंत. चुका होतात त्या माणूस बदलल्या बदलल्या, म्हणून हा नियम. तू उभी राहिली नाहीस. तू म्हणतेस, निरोप आला म्हणून. निरोप काय, कोणालाही केव्हाही येतात. कागदावर मी याहून जास्त लिहिणार नाही. कशाखाली सही करायची आणि कशाखाली नाही, यातच माझे केस पिकलेत.

आई ठणठणीत आहे. तुला विचारते.

ताई

१७ फेब्रुवारी

बारके,

'तुझं मन तुला खात नाही का?' असं विचारलंयस. खायला त्याला वेळ कुठे आहे? सकाळी शिरते ती संध्याकाळी बाहेर पडते.

तू कधी खाली आमच्याकडे उतरलीच नाहीस, म्हणून सांगते आम्ही काय करतो ते. तुम्ही वर विमानं उतरवता, आम्ही खाली उशीर उतरवतो. विमानतळावर राहूनही एकसुद्धा विमान दिसणार नाही अशी खोली शोधायला अक्कल लागते, ती आमच्या साहेबांकडे होती. तळघर, एक गळका नळ, आणि भिंतीपलीकडे सामानाच्या पट्ट्याची घरघर. तिथे रोज सकाळी आमची पंचायत बसते. आदल्या दिवशी जी विमानं उशिरा सुटली किंवा उतरली, त्यांच्या प्रत्येक उशिराला कोणीतरी आपला म्हणायचं. विमान कंपनीचा माणूस म्हणतो विमानतळाचा, विमानतळवाला म्हणतो कंट्रोलरांचा, कंट्रोलरांचा माणूस म्हणतो इंधनाची गाडीच आली नव्हती. वडाची साल पिंपळाला लावण्यात एकेकाची हयात गेलीय. सगळ्यांचं आवडतं कारण हवामान, कारण ते बैठकीला येऊन भांडत नाही.

मी त्या सगळ्यांच्या मधे बसते आणि शोधत मागे जाते. संध्याकाळचं विमान उशिरा का, तर दुपारचं उशिरा आलं. दुपारचं का, तर सकाळचं अडकलं. असं मागे मागे जाऊन मूळ विमान धरायचं आणि त्याच्या कपाळावर कारण मारायचं. आणि नियम असा, की एका उशिराला एकच कारण. दोन लिहिलीत तर यंत्र घेतच नाही. जगात कुठली गोष्ट एका कारणाने घडते ते मला दाखव, पण नियम आहे.

तुझ्या त्या विमानाला मी तीन कारणं सांगू शकते. एक, नवा स्क्रीन. घिरट्या घालणाऱ्या विमानांची चौकट प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावायची असते, आणि माणूस बदलला की ती आपोआप मिटते. कागदाची पट्टी कोणीही बसलं तरी फळीवरच असायची, ती काही मिटत नव्हती. दुसरं, तुझं निघून जाणं. उभी राहिली असतीस तर तूच त्याला म्हणाली असतीस, अरे बाबा, ती चौकट उघड. तिसरं, तू म्हणतेस तो निरोप. तिन्हींतलं एक निवडायचंय, आणि समितीने माझ्याच विभागाकडे विचारणा केलीय. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा टायवाला रोज माझ्या टेबलाशी येतो, बसतो, गोड बोलतो. त्याला पहिलं कारण अजिबात नकोय. तुला तिसरं हवंय. मला काय हवंय ते अजून कोणी विचारलेलं नाही.

तू विचार करशील, ताई असं का बोलते. सांगते. आपण दोघी एकाच वर्षी कंट्रोलरच्या परीक्षेला बसलो. पलंगावरच्या चादरीवर शर्टाची बटणं मांडून मी तुला शिकवलं. कुठलं बटण खाली आणायचं, कुठलं घिरट्यांत ठेवायचं, कुठलं आधी सोडायचं. तुला तर दिशासुद्धा कळत नव्हत्या. मग तू पहिल्या झटक्यात पास, आणि मला शेवटच्या चाचणीत घरी पाठवलं. शेरा काय, तर 'खुर्ची दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नसतात'. म्हणजे काम येतं, पण सोडवत नाही. गुन्हा म्हणायचा. वर्षं झाली, तू वर आणि मी खाली. मी कधी बोलले? नाही. तुझ्या पहिल्या पगारावर पेढे वाटावेत तशी मीच सगळ्यांना सांगत फिरले.

आणि आता नवी यंत्रणा नीट चालू झाली की तुला दुसऱ्या शहरांत शिकवायला पाठवणार होते. दोन-तीन वर्षांसाठी. ही बातमी मला चष्मेवाल्याने कॅन्टीनमध्ये दिली. हातात ट्रे होता माझ्या. तो म्हणाला, तुम्हाला माहीतच असेल. मी म्हटलं, हो तर.

ताई

२५ फेब्रुवारी

बारके,

चहावाल्या मावशी साक्ष देतील, असं तू समितीला कळवलंस. फार उशिरा आठवण झाली. हॉलबाहेरच्या भिंतीवरचा फोन त्यांनी उचलला आणि निरोप तुझ्या कानात सांगितला, असं तुझं म्हणणं. तू अजूनही कोणाचं नाव घेतलेलं नाहीस म्हणे, नुसतं 'घरून निरोप आला' एवढंच लिहिलंयस. मोठं मन हो तुझं.

मावशींशी मी बोलले. वेगळी खोलीबिली काही नाही, त्यांच्या किटल्यांपाशीच. म्हाताऱ्या झाल्यात. हात थरथरतो, चहा बशीत सांडतो, तरी कोणी बोलत नाही, कारण माणूस जुनं आहे. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही सांगा हवं ते, मी अडवणारी कोण? फक्त ते विचारतील, चहावालीला शिफ्ट चालू असताना हॉलच्या आत जायचा पास आहे का? पास नाही हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. आजवर सगळ्यांनी डोळेझाक केली, कारण चहा सगळ्यांनाच लागतो. आता चौकशी म्हटल्यावर ठेकेदार काय करील ते तुम्ही मला सांगा.

त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मॅडम, मग मी काय सांगू?"

मी म्हटलं, "जे आठवतं ते."

"मला काही आठवत नाही," असं त्या म्हणाल्या आणि पदराने किटलीचं झाकण पुसत बसल्या.

मी त्यांना धमकी दिली असं तुला कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. मी त्यांना नियम सांगितला. नियम सांगणं हेच माझं काम आहे. परत येताना त्यांनी मला चहा दिला, आणि पैसे घेतले नाहीत. मी मुद्दाम टेबलावर ठेवून आले.

आई विचारत होती, बारकी कामावर का जात नाही. तिला मी सांगितलं, नवी यंत्रणा आहे, सुट्टी दिलीय सगळ्यांना. तुझ्या पायी मला तिच्याशी खोटं बोलावं लागतं.

ताई

६ मार्च

बारके,

काल तू समोर बसली होतीस आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. निळा शर्ट घातला होतास, इस्त्री केलेला. वाळलीस.

अध्यक्षांनी मला विचारलं, त्या दिवशी घरी काही अडचण होती का? मी म्हटलं, "नाही साहेब. आई ठणठणीत होती." यात खोटं काय आहे सांग. आई खरंच ठणठणीत होती. त्यांनी विचारलं तेवढ्याचं मी उत्तर दिलं. जास्तीचं बोलायची मला सवय नाही, आणि आमच्या खात्यात ते कोणाला आवडतही नाही.

मावशींनी सांगितलं, मी चहा देते, बाकीचं मला कळत नाही. टायवाल्याने सांगितलं, यंत्रणेत काहीही दोष नाही, शिकवताना सगळ्यांना सगळं सांगितलं होतं. चष्मेवाला रडला. त्याला रडताना बघून मला जरा बरं वाटलं, कोणीतरी रडायला हवंच होतं.

मग ते तुझ्याकडे वळले. निरोप आला म्हणता, तो दिला कोणी? आणि पाठवला कोणी? मला वाटलं, आता घेते ही माझं नाव. मी तयारीने आले होते. पर्समध्ये रुमाल होता, आधी कुठे थांबायचं, कुठे गळा दाटून येऊ द्यायचा, सगळं ठरवलेलं. आणि तू म्हणालीस, "आठवत नाही." एवढंच. मावशींना वाचवलंस, आणि कोणाला वाचवलंस ते आपल्या दोघींना माहीत आहे. तू माझी वाट बघत होतीस. मी आपणहून हात वर करीन आणि उभी राहीन, असं तुला शेवटपर्यंत वाटत होतं, हो ना? ते मला तुझ्या मानेवरून कळत होतं.

तुझ्या या चांगुलपणाची मला लहानपणापासून चीड आहे. शेवटचा तुकडा तू नेहमी माझ्यापुढे सरकवायचीस आणि आई म्हणायची, बघ बारकी कशी आहे. म्हणजे खायचा मी, आणि नाव तुझं. कालही तेच केलंस.

ताई

१४ मार्च

माझी बारकी,

निकाल मीच आधी वाचला, टपाल आमच्याच खोलीतून फिरतं म्हणून. 'मानवी चूक. कंट्रोलर खुर्चीमागे न थांबता निघून गेल्या.' लायसन्स रद्द. तुझी शपथ घेऊन सांगते, असं काही होईल असं मला वाटलं नव्हतं. फार तर समज देतील, दोन महिने खाली बसवतील, असं धरून चालले होते.

मागच्या पत्रात मी फार वाकडं बोलले. ते मनावर घेऊ नकोस. माझी जीभ तशीच आहे, तुला माहीत आहे.

आता नीट ऐक. अपिलाला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तू अपील करू नकोस. का ते सांगते. अपिलात निरोपाचं सगळं लिहावं लागेल, नावं येतील, मावशी जातील, आणि माझं नाव एकदा विरुद्ध बाजूला छापलं गेलं की मी कोणाशी बोलूच शकणार नाही. त्यापेक्षा मी स्वतः मोठ्या साहेबांना भेटते. मुदतीच्या आत. मी सांगते त्यांना काय झालं ते, माझ्या तोंडाने. घरातल्या काळजीपोटी घडलं म्हटलं तर ते ऐकतील. ते माझं कधीही मोडत नाहीत, त्यांच्या सगळ्या भानगडी मीच निस्तरते. तुझी खुर्ची तुला परत मिळेल. पुढचंही बघू, ते शिकवायला जाण्याचं.

तू फक्त थांब. तुला थांबता येतं, ते मी बघितलंय.

घरी येऊन जा. आईला तुझ्या हातचा चहा हवाय, माझा तिला पाणचट लागतो.

ताई

२७ मार्च

माझी बारकी,

परवा आलीस, बरं वाटलं. आईच्या शेजारी आडवी झालीस आणि लगेच झोप लागली तुला, चपलेचा पट्टा पायात तसाच. मी काढला. आई म्हणाली, किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटतंय. तू जेवताना दोनदा हसलीस. एकदा माझ्या बोलण्यावर.

जाताना जिन्यात तू विचारलंस, "ताई, साहेबांशी बोललीस ना?" आणि मी म्हटलं, वेळ मागितलीय. ते खरं आहे. साहेब बाहेरगावी आहेत, सोमवारी येतात, सोमवारी बोलते. मुदत त्यानंतरही एक दिवस आहे. तू काळजी करू नकोस आणि ते अपिलाचे कागद कोणाला दाखवू नकोस. तुझ्या मैत्रिणीने तुझ्या डोक्यात वकील घातलाय, तिला म्हणावं, आमच्या घरचं आम्ही बघू. वकील आणला की साहेबांचं मन उडालंच म्हणून समज.

मला म्हणालीस, ताई, तुझ्यावर मी उगाच रागावले. नाही गं. रागावायचं कोणावर, तर आपल्याच माणसावर.

ताई

३ एप्रिल

बारके,

मंगळवारी मुदत संपली. आता सगळं कागदावर लिहिते.

साहेबांना मी भेटले नाही. ते बाहेरगावी नव्हते. रोज जिन्यात दिसत होते आणि आम्ही एकमेकांना नमस्कार करत होतो.

फोन मी केला होता. मावशींना म्हटलं, बारकीच्या कानात सांगा, आई पडली, आहेस तशी ये. भिंतीवरच्या त्या फोनचं बोलणं टेप होत नाही हे तुला माहीत आहे तसं मलाही आहे. आई पडली नव्हती असं मात्र तू म्हणू नकोस. सकाळी खुर्चीचा अंदाज चुकला आणि ती जमिनीवर बसली. तिच्या वयात खाली बसणं आणि पडणं यात कितीसा फरक? तू घरी धावत पोचलीस तेव्हा ती बाल्कनीतून खालच्या मजल्याशी भांडत होती, म्हणजे प्रकृती उत्तमच.

का केला, ते विचारशील. त्या सकाळी वरच्या हॉलमध्ये फोटो काढायला माणसं येणार होती. नव्या यंत्रणेवर बसलेली पहिली कंट्रोलर. आमच्या पंचायतीत सगळे माझं अभिनंदन करत होते. तुमच्या बहिणीचा फोटो, तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल. आणि मग ती निघून जाणार होती दोन-तीन वर्षं, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मला एवढंच हवं होतं की तू ती खुर्ची सोडून धावत खाली यावीस. माझ्या एका निरोपावर. आलीस. तुझ्या मागे चष्मेवाला विमान विसरेल हे मला काय ठाऊक? खुर्ची जावी असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, एवढं खरं आहे. पण गेल्यावर मी नीट बघितलं, आणि मला वाईट वाटेना. मला ती खुर्ची हवी होती, बारके. मला मिळाली नाही. तुझ्याकडे असलेली बघत मी इतकी वर्षं तळघरात बसले. आता ती दोघींकडेही नाही. बरं वाटतंय. असं वाटू नये, पण वाटतंय, आणि आता कोणापासून लपवू?

अपील केलं असतंस तर सुटली असतीस बहुधा. टायवाल्याच्या कंपनीने गेल्या आठवड्यात गुपचूप ती चौकट बदलली. माणूस बदलला तरी आता ती मिटत नाही. म्हणजे दोष होता हे त्यांनाही कळलंय. अपिलात तू नुसतं त्याकडे बोट दाखवलं असतंस तरी पुरे होतं. माझी, मावशींची, कोणाचीच गरज नव्हती. हे मला चौदा तारखेला पत्र लिहितानाच माहीत होतं, चौकट बदलणार असल्याचं सांगून टायवाला तेव्हा नुकताच उठून गेला होता.

हे पत्र तू कोणालाही दाखवू शकतेस. दाखव. मुदतीनंतर आलेलं तुझं काही ते उघडणार नाहीत, पण मला काढून टाकतील. मग ऑफिसने दिलेलं घर जाईल, आणि आई माझ्याबरोबर रस्त्यावर येईल. तू तसं करणार नाहीस. शेवटचा तुकडा पुढे सरकवणारी तू. मी तुला ओळखून आहे म्हणून तर लिहिलं.

आता कामाचं. लायसन्स गेलेल्या माणसाला खातं घरी बसवत नाही, खालचं काम देतं. तुझी नेमणूक आमच्याकडे झालीय. सोमवारपासून. मीच मागून घेतलं, नाहीतर तुला सामान तपासायला पाठवणार होते. तुझं टेबल माझ्या टेबलाला लावून ठेवलंय, नळाच्या बाजूचं. मी शिकवीन, पूर्वी शिकवलं तसंच. पहिलं काम सोपं आहे. त्या दिवशी तुझ्या त्या विमानामुळे जी बाकीची विमानं अडकली, त्यांची नोंद अजून पुरी झालेली नाही. एकेक विमान घ्यायचं आणि कारण भरायचं. कारण काय ते ठरलेलंच आहे. हात बसेल लवकर.

मावशींचं ठेक्यावरचं काम एकतीस तारखेला संपलं. नवीन मुलगी आलीय. ती पास घेऊनच आत जाते.

आईला कालच सांगितलं. खुर्ची गेल्याचं नाही. मी म्हटलं, बारकीने वरची नोकरी स्वतःहून सोडली. फार ताण असतो तिथे. बारकीच म्हणाली, ताईजवळ बसायचंय, एकत्र यायचं, एकत्र जायचं. आणि राहायलाही आपल्याकडेच येतेय. म्हातारी अशी उजळली की काय सांगू! सगळ्या मजल्यावर सांगून आली. मग आत येऊन माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "सांगताना हसत होती का गं ती?"

मी म्हटलं, हो. खूप.

तेव्हा रविवारी सामान घेऊन ये, आणि दारातून आत येताना तोंड हसरं ठेव.

तुझी ताई